काचघरातील घटपर्णी

झाडाला ऊन द्यावे, पाणी द्यावे आणि अधूनमधून मूठभर खत घालावे, म्हणजे ते वाढते, अशी घरोघरची समजूत असते. आणि तुळशीपासून गुलाबापर्यंत बहुतेक झाडे ती खरीही करून दाखवितात. घटपर्णीच्या बाबतीत मात्र ही समजूत घातक ठरते. तिच्या कुंडीत शेणखत घातले की मुळे करपतात. विहिरीचे क्षारयुक्त पाणी घालीत राहिले तर ती हळूहळू, पण निश्चितपणे झिजत जाते. आणि ह्या आदरातिथ्यातून ती वाचलीच, नुसती हिरवीगार पाने काढून माजली, तरी ज्यांच्यासाठी तिला घरात आणावयाचे ते घटच तिला येईनासे होतात. दारिद्र्यात जिचा संसार नीट चालतो अशी ही वनस्पती अठराव्या शतकाच्या अखेरीस विलायतेतील श्रीमंतांच्या काचघरांत आली. तिला सांभाळावयाचे कसे हे माणसाला उमगावयास पुढे जवळजवळ दोन शतके लागली, आणि त्या शिकवणीची फी बव्हंशी रानातल्या घटपर्णींनी भरली.

मराठीत हिला घटपर्णी म्हणतात. वनस्पतिशास्त्रात हिचे नाव नेपेंथिस. मादागास्करपासून श्रीलंका, मेघालयाचे डोंगर, मलाया, सुमात्रा, बोर्निओ आणि फिलिपीन्स असे करीत थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत तिच्या दीडशेहून अधिक जाती पसरल्या आहेत. पानाची मधली शीर टोकाबाहेर दोरीसारखी लांबत जाते आणि ह्या तणाव्याच्या शेवटी एक बोंड धरते. ते फुगून त्याचा घट होतो. घट कोवळा असेतोवर त्याचे झाकण घट्ट बसलेले असते. पूर्ण वाढला की ते उघडते. किडा आत पडताच झाकण खटकन मिटते असे चित्रांत दाखवितात, ते खोटे आहे. एकदा उघडलेले झाकण पुन्हा कधीच मिटत नाही. पावसाने आतला रस पातळ होऊ नये म्हणून घटावर धरलेली ती छत्री होय. खरी करामत आहे ती घटाच्या ओठाची. त्यावर बारीक वळ्या असतात, मधाचा पाझर असतो, आणि दव किंवा पाऊस पडला की त्या वळ्यांवर पाण्याचा पातळ थर पसरतो. मधाच्या आशेने आलेल्या मुंगीचा पाय मग तेथे ठरत नाही. आतल्या रसात ती बुडते, विरघळते, आणि तिच्या देहातले नत्र व स्फुरद झाडाच्या वाट्याला येते. ज्या मातीत ही द्रव्ये जवळजवळ नसतातच, तेथे ही वनस्पती राहते. म्हणून हा सारा खटाटोप.

युरोपच्या ग्रंथांत तिचा पहिला उल्लेख १६५८ सालचा आहे. मादागास्करच्या फ्रेंच वसाहतीचा अधिकारी एत्येन द फ्लाकूर ह्याने त्या बेटाचा इतिहास लिहिला; त्यात पानांच्या टोकाशी झाकणाचे पेले धरणाऱ्या एका झुडपाचे वर्णन येते. तेथील लोक हे पेले तोडावयास धजत नसत. वाटेने जाता जाता कोणी तोडले तर त्या दिवशी पाऊस हटकून येतो, अशी त्यांची श्रद्धा होती. फ्लाकूरने व त्याच्या सोबत्यांनी ते तोडून पाहिले, आणि पाऊस आला नाही, असे तो नमूद करतो. गंमत अशी की, हजारो मैलांवरच्या अंबोन बेटात राहून तेथील वनस्पतींचा महाग्रंथ रचणाऱ्या रुंफियसनेही घट रिता केला की पाऊस येतो ही समजूत नोंदून ठेविली आहे. दोन बेटांतील लोकांची ही एकवाक्यता प्रथम नवलाची वाटते. पण हे झाड जेथे वाढते तेथे बहुतेक बारा महिने पाऊस पडतो हे ध्यानात घेतले, म्हणजे ते भाकीत फारसे चुकत नसावे हेही कळते.

नेपेंथिस हे नाव लिनियसने १७३७ साली दिले. होमरच्या 'ओडिसी'त हेलन आपल्या पाहुण्यांच्या मद्यात दुःखाचा विसर पाडणारे एक औषध मिसळते. त्याचे हे नाव. दीर्घ प्रवासाने शिणलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला हे झाड दिसले, तर तो मागचे सारे कष्ट विसरून जाईल, असा लिनियसचा आशय होता. त्याच्यापुढे होती ती श्रीलंकेची जात. घटात पाणी गाळले जाते असे वाटून तिला पुढे डिस्टिलेटोरिया, म्हणजे पाणी गाळणारी, असे उपनाव मिळाले. हे पाणी झाड कोणासाठी साठविते, ह्याचा उलगडा मात्र लिनियसला झाला नव्हता. सॅरासेनिया ही अमेरिकेतली अशीच दुसरी एक वनस्पती. तिच्या घटातील पाणी तान्हेल्या पाखरांसाठी असते, असे तो मानीत असे. सृष्टीतील प्रत्येक वस्तूत परोपकार पाहणाऱ्या त्या शतकाला हा अर्थ गोड वाटला असल्यास नवल नाही.

१७८९ साली सर जोसेफ बँक्स ह्यांच्या खटपटीने जिवंत घटपर्णी लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात पोचली. पण त्यानंतरची पन्नास वर्षे हे झाड दुर्मिळच राहिले, आणि त्याचे कारण समुद्र हे होते. पूर्वेकडील बंदरांतून निघालेले जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून लंडनला पोचावयास कित्येक महिने लागत. डेकवर ठेविलेल्या कुंड्यांवर खाऱ्या लाटांचे तुषार पडत, आणि खाली ठेविल्या तर उजेड मिळत नसे. गोडे पाणी खलाशांनाच पुरत नसे. ते झाडांना कोण घालणार? शंभर रोपे चढविली तर त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उतरत.

हा पेच सुटला तो एका डॉक्टराच्या बाटलीत. नॅथॅनियल वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागात, कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या वस्तीत, वैद्यकी करीत. बागेची त्यांना भारी हौस. पण त्या धुरात त्यांचे नेचे जगत नसत. १८२९ साली एका पतंगाचा कोश त्यांनी ओलसर मातीसह झाकणाच्या बाटलीत ठेविला. पतंगाची वाट पाहता पाहता त्या मातीतून एक नेचा आणि गवताचे एक पाते उगवून आले. बाटलीतले पाणी दिवसा वाफ होऊन काचेवर चढे आणि ओघळून पुन्हा मातीत मुरे. धूर आत शिरत नसे, ओल बाहेर पडत नसे. चार वर्षांनी, १८३३ साली, वॉर्ड ह्यांनी अशाच दोन काचपेट्या रोपांनी भरून ऑस्ट्रेलियात सिडनीला धाडल्या, आणि रोपे तेथे सुखरूप पोचली. पुढे ह्याच पेट्यांतून चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आली. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला, आणि काचघरांची संख्या झपाट्याने वाढू लागली.

त्या सुमारास व्हीच नावाच्या एका रोपविक्या घराण्याने आपली माणसे देशोदेशी पाठविण्यास आरंभ केला होता. ह्या घराण्याच्या पेढ्या आधी एक्झेटर व पुढे लंडनच्या चेल्सी भागात होत्या. १८४३ साली त्यांनी टॉमस लॉब ह्या तरुण माळ्याला पूर्वेकडे धाडले. सिंगापूर, मलाया, सारावाक अशा मुलखांतून त्याने ऑर्किडांबरोबर घटपर्णीही पाठविल्या, आणि ह्या विचित्र झाडाची विलायतेत चढाओढ सुरू झाली. लॉब अबोल होता. आपल्या प्रवासाचे वर्णन त्याने लिहिले नाही. पुढे फिलिपीन्समधील एका अपघातानंतर त्याला पाय गमवावा लागला. ज्यांच्या काचघरांत त्याने आणलेली झाडे झुलत होती, त्यांतील कितीजणांना त्याचे नाव ठाऊक होते हा प्रश्नच आहे.

घटपर्णी पोसणे हे तेव्हा खर्चाचे काम होते. वॉर्डची पेटी मध्यम स्थितीतल्या घरांच्या बैठकीतही दिसे, परंतु तिच्यात बहुधा नेचेच असत. घटपर्णीला उष्ण प्रदेशाची हवा हवी. त्यासाठी कोळशाच्या भट्टीवर पाणी तापवून ते लोखंडी नळांतून काचघरभर फिरवीत, आणि हिवाळ्याच्या रात्री भट्टी विझू नये म्हणून माळ्याच्या हाताखालची पोरे जागत बसत. १८६२ साली व्हीचांच्या पदरी असलेल्या जॉन डॉमिनी ह्याने दोन जातींचा संकर करून नवी घटपर्णी निपजविली. संकराची ही हौस केवळ नावीन्याची नव्हती. घटपर्णीत नर-फुलांचे झाड वेगळे आणि मादी-फुलांचे वेगळे असते. एकाच जातीची दोन्ही झाडे एकाच काचघरात, एकाच वेळी फुलावर येणे दुर्मिळ. तेव्हा जो नर फुलला असेल त्याचे पराग जी मादी फुलली असेल तिला लावावयाचे, आणि काय निपजते ते पाहावयाचे, हाच व्यवहार सोयीचा होता.

इतके होऊनही झाड खरोखर काय खाते हे विज्ञानाच्या कसोटीला लागलेले नव्हते. ते काम चार्ल्स डार्विन आणि त्याचा मित्र जोसेफ हूकर ह्यांनी केले. डार्विनने १८६० च्या उन्हाळ्यात दलदलीतील दवबिंदूचे झाड न्याहाळावयास घेतले. घटपर्णीची परीक्षा त्याने हूकरवर सोपविली. हूकर क्यूच्या उद्यानाचा संचालक होता. हाताशी घटपर्णींनी भरलेले काचघर होते. त्याने घटांत अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे, कच्च्या मांसाचे आणि कूर्चेचे तुकडे टाकून पाहिले. एका दिवसात बलकाच्या कडा झिजल्या आणि मांसाचे तुकडे आक्रसले. तोच रस काचेच्या नळीत काढून घेतला, तर त्याचा प्रभाव पुष्कळच कमी पडला. १८७४ साली बेलफास्ट येथील विद्वत्सभेत त्याने हे जाहीर केले, आणि पुढच्याच वर्षी डार्विनचा कीटकभक्षक वनस्पतींवरील ग्रंथ बाहेर पडला. लिनियसची तान्हेली पाखरे त्या दोन वर्षांत उडून गेली.

ह्या शोधाचा परिणाम बागाइतांवर निराळाच झाला. मांसाहारी झाड म्हटल्यावर ते पाहावयास, आणि शक्य तर विकत घ्यावयास, कोणाला आवडणार नाही? १८७६ साली मॅरिअन नॉर्थ ही चित्रकर्ती सारावाकमध्ये होती. तिने तेथे एका अजस्र घटपर्णीचे चित्र काढले, तसली घटपर्णी विलायतेत कोणी पाहिली नव्हती. चित्र पाहून व्हीचांनी चार्ल्स कर्टिस ह्या आपल्या माणसाला तिच्या शोधात बोर्निओत पाठविले. त्याच्यापाशी पत्ता असा काहीच नव्हता. होते ते एक चित्र. बरेच दिवस हिंडूनही झाड दिसेना. निराश होऊन परतण्याच्या बेतात असता एका चुनखडी कड्याच्या टोकावरून त्याने सहज खाली डोकावून पाहिले, तो त्याच कड्याच्या अंगाला ती लटकलेली! हूकरने १८८१ साली तिला नॉर्थियाना हे नाव दिले.

पण साऱ्या काचघरांना जिचा ध्यास लागला होता ती घटपर्णी दुसरीच. बोर्निओच्या उत्तरेस किनाबालू नावाचा चार हजार मीटरांहून उंच पर्वत आहे. १८५८ साली ह्यू लो आणि स्पेन्सर सेंट जॉन हे दोन इंग्रज अधिकारी त्यावर चढले. त्यांचा एक हमाल सकाळी पाणी भरून घेऊन आला तो कशात, तर एका प्रचंड घटात! मोजून पाहता त्यात चार पिंट, म्हणजे सव्वादोन लिटरांच्या आसपास, पाणी मावले. दुसऱ्या एका घटात लो ह्यांना बुडून मेलेला उंदीर सापडला. सारावाकचा इंग्रज राजा जेम्स ब्रूक ह्याच्या सन्मानार्थ हूकरने ह्या जातीचे नाव राजा ठेविले. उंदीर खाणारे झाड अशी तिची कीर्ती झाली, आणि ती आजतागायत पुरली आहे.

वीस वर्षांनी, १८७८ साली, फ्रेडरिक बर्बिज ह्याने व्हीचांसाठी ही राजा घटपर्णी मिळविली. १८८१ साली तिचे रोप लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीपुढे मांडण्यात आले आणि त्याला पहिल्या प्रतीचे प्रशस्तिपत्र मिळाले. येथवरची कथा विजयाची आहे. पुढे रोपे एकामागून एक सुकत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हीचांच्या काचघरांत एकही उरले नव्हते. आयर्लंडातील ग्लासनेव्हिन उद्यानात शेवटचे काही काळ तग धरून होते, तेही गेले. 

ह्या झाडांना मारले ते निष्काळजीपणाने नव्हे, काळजीने. राजा घटपर्णी दीड हजार ते अडीच हजार मीटर उंचीवर उगवते. तेथे दिवस सौम्य असतो, आणि रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. व्हीचांच्या माळ्यांना एवढेच ठाऊक की बोर्निओ विषुववृत्तावर आहे. सबब बोर्निओचे झाड म्हणजे उष्ण हवेचे झाड. त्यांनी तिला रात्रंदिवस वाफेत कोंडले. जी पोरे थंडीत भट्टीपाशी जागत होती त्यांनी, एखादी रात्र झोप काढली असती, तर कदाचित राजावर उपकारच झाले असते. नकाशावर जागा पाहिली, उंची पाहिली नाही. चूक एवढीच होती. आज घटपर्णी पाळणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो तो झाडाच्या देशाचा नव्हे, तर उंचीचा: सखल भागातली की डोंगरावरची? सखल भागातल्या जातींना उबदार रात्र मानवते, डोंगरी जातींना गार रात्रीवाचून जगता येत नाही.

१९१४ साली चेल्सीची पेढी बंद झाली. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. कोळसा महागला, माळी रणांगणावर गेले, आणि काचघरे थंड पडली. काटक संकर तेवढे वनस्पती-उद्यानांतून टिकले. मधली पन्नास वर्षे ह्या कथेत सांगण्याजोगे फारसे काही नाही.

१९७० नंतर हौस पुन्हा जागी झाली, ती आता मोठ्या हवेल्यांत नव्हे तर सामान्य घरांत. १९७२ साली अमेरिकेत कीटकभक्षक वनस्पतींच्या हौशी पालकांचे एक छोटेखानी वार्तापत्र निघाले. १९७६ साली शिगेओ कुराता ह्या जपानी अभ्यासकाचे किनाबालूच्या घटपर्णींवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि ज्या झाडांची नावे जुन्या ग्रंथांत धूळ खात होती, त्यांची छायाचित्रे लोकांच्या हाती आली. विमानाने रोप चार दिवसांत घरी येऊ लागले. आणि नेमके येथेच ते सर्वांत मोठे संकट ओढवले. पश्चिम बोर्निओत केलाम नावाचा एकच एक प्रचंड खडक आहे. क्लिपिआटा नावाची घटपर्णी त्याच्या कड्यांवर आणि केवळ तेथेच उगवते. हौशी लोकांनी आणि त्यांना रोपे पुरविणाऱ्यांनी ती इतकी ओरबाडली की रानात ती नावापुरती उरली. प्रत्येक खरेदीदाराला वाटे, आपण एकच तर घेतली! १९८१ साली राजा घटपर्णीचे नाव संकटग्रस्त जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत घालण्यात आले. रानातून उपटलेल्या रोपाचा व्यापार तिने बंद केला.

त्या यादीत दुसरे नाव पडले ते भारताच्या घटपर्णीचे, १९८७ साली. भारतात घटपर्णीची एकच जात आहे, खासियाना. मेघालयातील खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांवर ती वाढते. गारो लोक तिला मेमांग कोकसी, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. न उघडलेल्या घटातील स्वच्छ रस डोळ्यांच्या विकारांवर घालण्याची तेथे जुनी चाल आहे. हूकर १८५० साली खासी टेकड्यांत हिंडला होता, आणि १८७३ साली हिचे शास्त्रीय वर्णन त्यानेच केले. पुढे व्हीचांच्या काचघरांत हिने पुष्कळ संकरांना जन्म दिला, कारण स्वभावाने ती सोशिक. दिवसाची ऊब आणि रात्रीचा गारवा, दोन्ही ती सोसते. जी घरी सर्वांत सहज वाढली असती तीच रानात संकटात सापडली. कोळशाच्या व दगडाच्या खाणी, फिरती शेती आणि रोपांची तोड ह्यांनी तिला घेरले. दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा येथे तिच्यासाठी एक छोटेसे अभयारण्य राखले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या वनस्पतींच्या यादीत तिचे नाव असून, परवान्यावाचून तिची लागवड किंवा विक्री करता येत नाही.

सुटकेची वाट प्रयोगशाळेने दाखविली. १९९४ साली केरळातील पालोडे येथील उष्णकटिबंधीय वनस्पती-उद्यानाच्या संशोधकांनी खासियानाच्या अंकुरांपासून काचपात्रात रोपांची वाढ करण्याची रीत प्रसिद्ध केली. एका अंकुरापासून अनेक रोपे. रानातले झाड जागच्या जागी. आज ऊतिसंवर्धनाने वाढविलेल्या घटपर्णी श्रीलंकेतून व युरोपातून जगभर जातात, आणि जिच्यासाठी व्हीचांनी माणसे पाठविली ती राजा घटपर्णीही आता एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या खिडकीत दिसू शकते.

त्या उंदराचीही गोष्ट अलीकडे नव्याने उलगडली. २००९ साली आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत संशोधकांनी किनाबालूवर घटांसमोर कॅमेरे लावून पाहिले. चिचुंद्रीसारखा दिसणारा, झाडांवर चढणारा तूपाया नावाचा प्राणी दिवसा राजा घटपर्णीवर येतो, घटाच्या काठावर बसून झाकणाखालचा मध चाटतो आणि जाण्यापूर्वी घटात शौच करून जातो. रात्री तोच परिपाठ उंदीर पाळतो. झाडाला नत्र हवे, ते ह्या मार्गाने मिळते. ह्यू लो ह्यांना सापडलेला उंदीर शिकार म्हणून आलेला नव्हता. नेहमीच्या पाहुणचाराला आला असता तोल जाऊन पडला असावा. राजाचा दरारा ह्याने किंचित उणा झाला, पण झाडाच्या शहाणपणाची किंमत वाढली.

आता मुंबई-पुण्याच्या घरातील कुंडीकडे वळावयाचे तर ह्या इतिहासातून निघालेले नियम थोडेच आहेत. कुंडीत माती नकोच. स्फॅग्नम नावाचे शेवाळ, नारळाच्या सालीचे धुतलेले तुकडे आणि पाणी न धरणारी खडीसारखी हलकी भर हे मिश्रण चालते. नारळाच्या काथ्यात मीठ असते, म्हणून तो चार-पाच पाण्यांतून काढल्याशिवाय वापरू नये. पाणी पावसाचे. पहिल्या सरींबरोबर छपराची धूळ येते, ते पाणी सोडून द्यावे. मागाहूनचे झाकणाच्या भांड्यात साठविले तर पुष्कळ दिवस पुरते, आणि संपल्यावर शुद्ध केलेले क्षारविरहित पाणी घालावे. कुंडी ओली असावी, पण पाण्यात बुडालेली नसावी. ऊन सकाळचे द्यावे, दुपारचे नको. नव्या पानांच्या टोकाशी बोंड धरते पण न फुगताच वाळते, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तिचे कारण बहुधा हवेचा कोरडेपणा किंवा उजेडाची उणीव असते. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत सखल भागातल्या जाती फारशा कुरकुरत नाहीत. पुण्याचा चैत्र-वैशाख मात्र त्यांना जड जातो, आणि तेथे वॉर्डची काचपेटी अजूनही उपयोगी पडते. तिची एक बाजू किंचित उघडी ठेवावी, नाहीतर बुरशी येते.

घटात मांसाचे तुकडे टाकण्याचा मोह मुलांना हमखास होतो. हूकरने ते केले खरे, पण एका प्रयोगापुरते. घरच्या घटात मोठा तुकडा पडला की तो पचण्याआधी कुजतो, घट काळा पडतो आणि घराला दुर्गंधी येते. उघड्या खिडकीतल्या घटपर्णीला घरातल्या मुंग्या पुरेशा होतात. प्रवासात रस सांडून घट कोरडा झाला असेल, तर बोटभर शुद्ध पाणी घालावे. एवढी मदत तिला चालते.

उपाशी राहून सुखी असणारी ही मंडळी सह्याद्रीलाही परकी नाहीत. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जांभ्याचा कातळ आहे. त्यावरच्या पातळ मातीत झाडाला पोसण्याइतके सत्त्व नसते. पावसाळा सरताना तेथे निळ्याजांभळ्या रंगाची सीतेची आसवे फुलतात, त्यांच्या ओल्या मुळांपाशी सूक्ष्म जीव पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात, आणि शेजारीच चिकट थेंबांनी चमकणारे दवबिंदूचे झुडूप किडे धरीत असते. ते उपटून आणून कुंडीत लावण्याचा प्रयत्न करणारे काहीजण दरवर्षी निघतात, आणि त्यांची रोपे घरी पोचेपर्यंत माना टाकतात.

घटपर्णी विकत घेताना रोपाकडे नीट पाहावे. प्रयोगशाळेत किंवा बियांपासून वाढलेली रोपे लहान, एकसारखी आणि डाग नसलेली असतात. त्यांची मुळे शेवाळात पसरलेली असतात. रानातून आणलेल्या झाडाचे खोड जुने व लाकडासारखे, पाने फाटकी, मुळे तुटकी असतात, आणि कुंडीत ते नुकतेच खोचलेले असल्याने किंचित ओढले तरी हलते. दुर्मिळ जात म्हणून विक्रेता त्याचाच भाव अधिक सांगतो. ते रोप दुकानातच राहू द्यावे. रोपवाटिकांत सहज मिळणारे फिलिपीन्सच्या जातींपासून झालेले संकर त्याहून कितीतरी स्वस्त असतात. त्यांची फांदी छाटून ओल्या शेवाळात लावली तर दोन-तीन महिन्यांत मुळे धरते, आणि मग शेजाऱ्यांना देण्यासाठी दुसरे रोप विकत आणावे लागत नाही.